उशिरा येणारं हसू

देवळालीच्या रेंजवर सराव असला
की विहितगावात आमच्या काचा थरथरतात.
पाहुणे दचकतात;
आम्ही फक्त कप टेबलाच्या कडेपासून आत सरकवतो.

त्या रात्री टीव्हीवर माझंच स्किट होतं.
अतिरेक्याच्या बॉम्बचे सेल उतरलेले,
तो किराणा दुकानात नवे मागतो,
दुकानदार म्हणतो, 'फुटला नाही तर परत घेणार नाही हं.'
मागे रेकॉर्ड केलेलं हसू, धो-धो.

शेजारचे कारभारी गायधनी आले होते बघायला,
तोफखान्यातले रिटायर हवालदार.
दोन्ही कान तोफांना देऊन आलेले,
म्हणून आमचे चेहरे वाचून
ते सगळ्यांच्या नंतर हसतात.
त्या रात्री नंतरही हसले नाहीत.

मी कानाशी जाऊन ओरडलो,
'काका, असल्यावर विनोद करू नये का?'

'का नाही? वर बर्फात आम्ही दुसरं काय करायचो?
एकदा गोळा थेट लंगरच्या पातेल्यात.
मी म्हटलं, आज डाळीला फोडणी पलीकडून आली!
अकरा जण पोट धरून हसलो.'
बशीतला चहा फुंकला, प्यायले नाहीत.
'बारावा डाळ ढवळत होता.'

मग पडद्याकडे बोट करून,
'हे हसतायत ते कोण? दिसत नाहीत.'

मशीन आहे काका,
हे सांगायचं राहूनच गेलं.

पुढचं स्किट लागलं. तेही माझंच.
रेंजवर पुन्हा धडाडलं.
त्यांना ऐकू आलं नाही,
पण त्यांनी रिकाम्या कपावर तळवा ठेवला
आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत
काढला नाही.