पीळ

इद्रिया गावात, जुन्या भट्टीच्या मागे,
जिथे गवतही बिचकत उगवतं,
तिथली माती मी चमच्याने उचलते.
पिशवीवर तारीख, खोली, आणि शाईने एक शब्द: जिवंत.
बोगोमिल हसतो. "या मातीत?"

या मातीत.
पाचशे वर्षं आमच्या गावाने डोंगरातून पारा उपसला
आणि तेवढीच वर्षं डोळ्यांना न दिसणारं कुणीतरी
तो पचवायला शिकत राहिलं.

त्याच्या आत एक प्रथिन आहे.
दोन जुळे तुकडे, लांब कण्यांनी एकमेकांत अडकलेले,
दोन टोकांना दोन पंख,
आणि पंखांखाली जनुकाचा दुहेरी दोरा.
वाचणारं यंत्र शेजारी येऊन केव्हाचं उभं आहे.
पण दोन खुणांमध्ये दोन घरं जास्त पडली आहेत,
एक खूण समोर, दुसरी वळणाच्या पलीकडे.
वाचता येत नाही.
कुणी कुणाला हाकलतही नाही.
खाणीच्या फाटकाशी पाळी बदलायची वाट बघणारे दोघे
जसे न बोलता उभे राहत, तसे.

मग पाऱ्याचा एक अणू आत शिरतो. एकच पुरतो.
बोटांत कधी न सापडणारा पारा
इथे तीन गंधकांच्या चिमटीत सापडतो:
एक गंधक या तुकड्याचा, दोन त्या तुकड्याचे.

रविवारी हे मी घरी सांगितलं.
वडिलांनी कप उचलला; त्यांच्या आधी बशी बोलते,
सव्वीस वर्षं खाली उतरलेल्या हातांची ती भाषा.
"मग ते उठून जातं? दार सोडतं?"
नाही. जागचं हलत नाही.
बसल्या जागी दोऱ्याचा पीळ जरा सैल करतं.
तेहतीस अंश.

आई खिडकीशी, मांडीपुढे गोल उशी,
लेसची लाकडी रिळं टकटकत होती.
मान वर न करता तिने एक जोडी उलटी फिरवली.
"एवढा?"
त्याहून कमी.
तिने आणखी कमी केला.
दोऱ्यामधून टाचणीचं डोकं दिसलं, पितळेचं.
हां, एवढा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ शाबूत आहे, एक धागा तुटलेला नाही,
फक्त दोन्ही खुणा आता एका बाजूला तोंड करून आहेत
आणि यंत्र वाचू लागलं आहे:
पाऱ्याला आत ओढणारं, मग त्याचं विष उतरवणारं,
त्याची साधी वाफ करून बाहेर सोडणारं,
ओळीने सगळं.

"वाफ," वडील म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
"दगड भाजून आम्हीही वाफच काढत होतो.
थोडी नळीत जायची. थोडी..."
त्यांनी छातीवर बोट ठेवलं; बोट तिथेही थरथरत राहिलं.
मला उत्तर सुचलं नाही.
तो जीव स्वतःचं घर झाडतो, एवढंच.
केर कुणाच्या अंगणात पडतो
हे विचारण्याइतका तो मोठा नाही.

"माझ्यात आहे का तसं काही?
एक कण धरून सांगणारं, की आता?"
नाही, मी म्हणाले. माणसात नाही.
खोटं बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

आईने उशी बाजूला सरकवली.
कपाला वडिलांचे दोन हात होते,
तिने तिसरा लावला.
बशी गप्प झाली.
कॉफी गार झाली होती, तरी त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

सोमवारी काचेच्या ताटल्यांवर ठिपके उगवले होते,
पांढरे, पाऱ्याच्या पाण्यावर वाढलेले. एकशे बारा.
बोगोमिलने दोनदा मोजले.