ब च्या जागी व

न वाचलेल्या मेल एकतीस हजार चारशे सात.
बुटांवरची सूट, विजेचं बिल,
तीन वर्षं रोज येणारी 'शेवटची संधी'.
पायसांदूच्या लोकर सोसायटीत मी हिशेब बघते,
एक पेसो इकडचा तिकडे होऊ देत नाही,
आणि घरी ही अशी रास.

रविवारी नासारियो आला होता.
माते पिता पिता म्हणाला, "लिहिलं होतं तुला."
कधी, काय, ते नाही सांगितलं.
तुंब्यात पुन्हा गरम पाणी ओतलं फक्त,
डाव्या हाताने.

रात्री सूप घेऊन पाखडायला बसावं तशी बसले.
त्याच्या नावाने शोधलं. काही नाही.
पत्ता पोराचा वापरला असेल.
'मधमाशी' घालून शोधलं,
तर मध विकणाऱ्या दुकानाची सतरा पत्रं.

मग आठवलं.
आमच्याकडे दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच,
बाईंनी किती छड्या मारल्या तरी
मधमाशी लिहिताना हा ब च्या जागी व च काढायचा.
मी तीच चूक केली, मुद्दाम.
बोट जरा अडलं.

एकच मेल उरली.
"पेट्या नदीपलीकडे हलवायच्यात,
एकट्याला उचलत नाहीत. शनिवारी येशील?"

दोन हिवाळ्यांपूर्वीचा शनिवार.

उजव्या हाताचं मी विचारलंच नव्हतं.

उत्तर लिहिलं: या शनिवारी येते. मधमाश्या कशा आहेत?
व खाली तांबडी रेघ उमटली.
राहू दिली.