पस्तीसच्या खाली नको

आधीची मोटर सिंगल फेजची होती.
दर उन्हाळ्यात तिचा कपॅसिटर फुगायचा,
बेडकासारखा, आणि एका दुपारी फुटायचा.
यंदा मोटरच जळाली. शेडमध्ये दोन दिवस
वार्निशचा वास, आणि सहा कपाटं प्रायमरवर उभी,
सेलूच्या धुळीत, लग्नाच्या तारखा ठरलेल्या.

इलियास आला. वास घेऊनच म्हणाला,
हिला आता भरायची नाही.
जालन्याच्या भंगारातून थ्री फेजची मोटर आणली, तीन एचपी,
आणि जुन्या रुमालात गुंडाळलेला ड्राइव्ह,
बंद पडलेल्या जिनिंगमधला.
आतून मूठभर सरकी निघाली.

टर्मिनलचं झाकण उघडून
आडव्या पितळी पट्ट्या त्यानं काढल्या, उभ्या लावल्या.
आपल्याकडं मीटर सिंगल फेजचा, म्हणाला,
दोन वायरीतून घेऊन तिघींना वाटायची वीज,
मग स्टारमध्ये भागत नाही, डेल्टा करावा लागतो.
प्रेशर स्विच मोटरच्या वाटेतून काढून टाकला.
ड्राइव्ह आणि मोटर, यांच्या मधी कुणी यायचं नाही.
सासूनं सुद्धा.

चालू केला तर चाक उलटं.
दोन वायरींची अदलाबदल. मग सुलटं.

आणि आवाजच नाही.
म्हणजे आहे, पण तो खालून चढत येतो,
दहा सेकंदं घेतो, कोणी झोपेतून उठून
आधी पाय खाली सोडावेत तसा.
मी पाना हातात धरून उभा होतो
त्या जुन्या दणक्याची वाट बघत.
अकरा वर्षं दणका बसला की छातीत एक ठोका जास्त पडायचा.

हळू चालव अजून, मी म्हणालो, वीस कर, बिल वाचेल.
त्यानं बटण दाबू दिलं नाही.
पंपाच्या पोटात तेल आहे, वर पंप नाही त्याला.
खालचा चमचा फिरतो, तेल उडवतो, त्यावर सगळं जगतं.
लई हळू फिरला तर चमचा नुसता बुडून येतो.
पस्तीसच्या खाली नको.
खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं: ३५.

आठवडा गेला. कपाटं गेली. बंदुकीतून रंग एकसारखा,
आधी मधेच थुंकायची ती.

मग पत्र्यापलीकडून कौसल्याबाई डोईफोडे आल्या,
बोटात टोपण तसंच,
दारात उभ्या राहून म्हणाल्या,
बंद पडलं काहून तुमचं?
म्हटलं, नाही, चालायलंय की, हे बघा.
त्यांनी बघितलं. कान लावला.
मग मानेवर हात ठेवून म्हणाल्या, तरीच.

तुमचं चालू झालं की माझा दिवा बसायचा.
दिवा बसला की मी पाय काढायचे,
धागा तोडायचे, घोटभर पाणी प्यायचे,
दिवा वर येईतोवर.
आता दिवा बसतच नाही.
काल एका बैठकीत चार ब्लाउज झाले, आणि मान वळेना.

ह्यावर काय बोलायचं असतं?
मी म्हणालो, इलियासला विचारतो.
त्या हसल्या. विचारा, म्हणाल्या,
त्याच्या डब्यात माझ्यासाठी एखादं बटण आहे का.

इलियासला विचारलं नाही.
आता टाकी भरून यंत्र निजलं
की मी पान्यानं मधल्या पत्र्यावर दोनदा वाजवतो.
तिकडचं मशीन थांबतं.
पाण्याचा आवाज काही येत नाही,
तो मी धरून चालतो.

परवा मोठी ऑर्डर होती, मानवतची,
सकाळपासून मास्क काढला नव्हता,
आकडा पन्नासवरून हलत नव्हता,
आणि पत्रा वाजला.
तिकडून. दोनदा.

बंदूक हुकाला अडकवली.
काचेवर आकडे उतरत आले,
त्रेचाळीस, अडतीस,
पस्तीसवर येऊन थांबले.
माठाकडं गेलो.