चार बोटं, दीड वीत

चौदा नोव्हेंबर. दुकानात ओल्या लोकरीचा वास,
दारापाशी बर्फाचा चिखल.
उद्या शाळा बंद, आरागिरणी बंद,
सुपिरिअर सरोवराच्या या काठावरचं अख्खं गाव
नारिंगी जाकिटं चढवून रानात.
माझ्या पाठीशी काडतुसांच्या खोक्यांची उतरंड
आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न :
किती लांबून?

या प्रश्नावर माणसं खोटं बोलतात.
लाम्पीचा पोरगा म्हणाला, चारशे यार्ड.
मी गप्प. त्याच्या बापाने गेल्या साली
चाळीस पावलांवर नर उभा असताना
बर्चच्या खोडाला गोळी घातली होती.

सिल्वी हौटाला आली ती शटर ओढायच्या वेळी.
रुमालातून एक रिकामं पितळी टरफल काढलं.
"उर्होच्या रायफलीतलं. हिच्यात काय घालू?"

किती लांबून?

ती डोळे बारीक करून आठवू लागली.
"सीडरच्या दलदलीत म्हणशील, तर सौनापासून विहिरीइतकं.
विजेच्या तारांखाली झाडं तोडलीत तिथे,
चर्चच्या दारापासून कबरस्तानाच्या फाटकापर्यंत."
मी मनात पावलं टाकली.
चाळीस. आणि अडीचशे.

दोन खोकी तिच्यापुढे ठेवली.
हे एकशेऐंशी ग्रेन. ग्रेन म्हणजे दाणा, जवाचा.
बोथट नाकाची, जड, जरा सावकाश.
खांद्याच्या हाडाला लागली तरी विखरत नाही, आत जाते.
लोक सांगतात, फांद्या कापत जाते. थापा.
डहाळी लागली की कुठलीही गोळी वाट सोडते,
फट दिसेल तेव्हाच चाप ओढ.

आणि हे दीडशे. टोकदार, उतावीळ.
शंभरावर नेम बसवलास तर दोनशेवर चार बोटं उतरते,
तीनशेवर दीड वीत.
सरोवरावरचा वारा कडेला ढकलेल, तो हिशेब निराळा.
जवळून मात्र इतक्या त्वेषाने लागते
की अर्धा खांदा जांभळा होतो, कुत्र्याला घालावा लागतो.

"उर्हो कुठली न्यायचा?"

दीडशे. बावीस वर्षं.
तो नर हरवला, त्याही वर्षी.
तारांखाली, दिवस बुडताना, तीनशेच्या आसपास.
दोन दिवस तो रक्ताचे थेंब हुडकत फिरला.
तिसऱ्या दिवशी नवा बर्फ पडला.
नंतर रायफल कपाटात गेली ती गेलीच.
गावाला मी सांगितलं, गुडघे धरलेत त्याचे.

सिल्वीने काउंटरवर पंजा ठेवला,
अंगठा आणि करंगळी ताणली,
मग त्याच्या पुढे आणखी अर्धा.
"जेवताना दाखवायचा. बशी बाजूला सारून.
एवढंच चुकलं, म्हणायचा."

मी खोक्यांवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

तिने जड गोळ्यांचं खोकं जवळ ओढलं.
"तारांकडे मी जात नाही."
दोनशेपर्यंत हीसुद्धा चालते गं, मी म्हटलं.
"माझे डोळे नाही चालत."
नोटा मोजून दिल्या, सुटी नाणी बरणीत टाकली.
मी दारापर्यंत गेलो : आधी तीन कागदावर मार,
वाळूच्या खाणीमागे. दुर्बीण उर्होच्या दीडशेला लावलेली आहे,
खोकं बदललं की नळी वेगळं बोलते.
"आधी वर लागेल की खाली?"
कागद सांगेल.

अठरा तारखेला आली. तेच खोकं, उघडलेलं.
उघडलेला माल परत घेत नाही, मी म्हणालो.
"परत कोण देतंय? मोज."
सोळा.
तीन कागदावर. राहिली एक.

वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं तिने माझ्याकडे सरकवलं,
कोपऱ्यावर गडद डाग.
मग मी सवयीने विचारलंच,
किती लांबून?

"पावलं नाही मोजली," म्हणाली.
"त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती."