एका पोळीत किती पोळ्या

ऐरोलीत, दिवे गावाच्या कमानीपासून तिसऱ्या गाळ्यात
सुगंधा भोईर पहाटे साडेपाचला तवा ठेवते.
मी तिच्या कमरेला फोन बांधला,
उजवीकडे, एप्रनच्या नाडीखाली, रुंद इलास्टिकच्या पट्ट्यात.
"ह्यो काय करनार?"
हलणं मोजणार, म्हटलं.
तीन दिशांना, सेकंदाला पन्नास वेळा.
"आणि मी नाय हलले तर?"

तेव्हा मी हसले होते.

समीकरण माझंच आहे.
महापेला, चौथ्या मजल्यावर, बावीस जणांना मुखवटे लावून
आम्ही ट्रेडमिलवर पळवलं, श्वास मोजले.
बहुतेक पुरुष, तिशीच्या आतले,
बाटलीत प्रोटीन घोळवणारे.
मग एकेका श्वासाची
खिशातल्या थरथरीशी गाठ मारून दिली.
स्थळ बरं जमलं. रेघ सरळ आली.
साहेबांनी समोसे मागवले.

सुगंधाचा पहिला दिवस असा उतरला:
साडेपाच ते एक, बसलेली.
एक ते दीड, बसलेली.
आणि दीडला एकदम नऊशे पावलं!
ती रिक्षा होती. डबे घेऊन रबाळ्याला निघालेली.
खड्ड्याखड्ड्यांतून
तिच्या नावावर रस्ताच चालत होता.

बघायला गेले.
ती कुठली बसते आहे! गाळ्यात बसायला जागाच नाही,
स्टूल आहे त्यावर तेलाचा डबा.
पाय रोवलेले, कंबर जागच्या जागी,
आणि खांद्यापासून पुढे सगळा कारभार:
परातीत दहा किलो कणीक, मुठी मनगटापर्यंत आत,
मग लाटणं, मग उलथणं, मग पुन्हा लाटणं.
तव्याची धग तिच्या गळ्यावरून ओघळत होती.
धगीला दिशा नसते.
तिन्हीपैकी एकही.

दुसऱ्या दिवशी ती पाठ धरून आली.
रात्री फोन चार्जिंगला लावल्यावर
सासऱ्यांना काखेत धरून मोरीपर्यंत नेलं, परत आणलं,
असं दोनदा.
मी त्या रात्रीच्या ओळी उघडल्या.
शून्य शून्य शून्य
आणि साडेतीनला एक बारीक धक्का:
बहुतेक मांजर.

त्याच दिवशी माझ्या फोनने मला
तिच्यापेक्षा दोनशे कॅलरी जास्त दिल्या.
मी मीटिंगमध्ये होते. टेबलाखाली माझा पाय नाचतो,
लहानपणापासूनची खोड,
आई म्हणायची, दारिद्र्य येतं अशाने.

साहेब म्हणाले, हा नमुना काढून टाक, रेघ वाकतेय.
काढला.
वेगळ्या फाइलीत ठेवलाय. नाव द्यायला काही सुचेना,
म्हणून नुसतं "उभी".

तिसऱ्या दिवशी पट्टा सोडताना तिने विचारलं,
"कॅलरी-बिलरी ऱ्हाऊ दे गो.
एक पोळी खाल्ली का किती पोळ्या लाटता येतात,
तेवरा सांग."

असलं एकक मला कुणी शिकवलं नव्हतं.
पिठाच्या डब्यावर वही ठेवून भागाकार केला.
फोनच्या हिशोबाने, म्हटलं, नव्वद.

लाटणं थांबलं.
"नव्वद?
पन्नाशीलाच पोटात कावळे ओरडतात!"

वहीत नव्वद खोडून पन्नास लिहिले.
समोर, जिथे संदर्भ लिहायचा असतो तिथे: कावळे.

मग तिने तव्यावरची एक काढली,
गुळाचा खडा ठेवून गुंडाळली, माझ्या हातात कोंबली.
"खा. नि बघ तुझ्यानं किती होतात."

चार झाल्या.
एक जरा गोल. दुसरीत तर बोट गेलं.
दंड भरून आले, कपाळावरचा घाम
पोळपाटावर पडू नये म्हणून मान तिरकी,
आणि पट्ट्यासकट माझ्या खिशात पडलेला फोन
शांतपणे लिहीत होता:
बसलेली.