ऊठबस

हात छातीवर दुमडा, म्हणाली ती पोरगी,
आणि खुर्चीवरून पाच वेळा उठा.
घड्याळ तिच्या हातात.
शाळेत चोपडेकर मास्तर उठाबशा घालायला लावायचे,
वही विसरली की पन्नास.
इथं मी काय विसरलोय, विचारावंसं वाटलं.
तिसऱ्या वेळी मांड्या थरथरल्या,
वाळूवर पडलेला बांगडा शेवटी शेवटी थरथरतो तशा.
चौथ्याला हातच आधी धावले.
पाचवी तिनं लिहिलीच नाही.

मग एक कडी दिली दाबायला, काटा असलेली.
दाबली.
चौदा.
चौदा काय?
किलो, म्हणाली.
एवढी मोरी मी एका हातानं
कल्ल्यात बोटं घालून उचलायचो,
दुसऱ्या हातात विडी असायची.

निवतीत कोणाला हे दिसत नाही.
गोळ्यांनी तोंड भाकरीसारखं फुगलंय, गाल तुकतुकीत.
बाबल तांडेल तिठ्यावरून हाक मारतो,
'बरो दिसतंस रे! अंगार धरलंस!'
धरलंय ते सगळं मानेच्या वर.
लेंग्याच्या आत दोन वल्ही,
पाती नसलेली.

शालन माझी थोरली. लग्नाची राहिली ती राहिलीच.
तिनं दिलेलं मूत्रपिंड उजवीकडे खाली,
नाडीच्या गाठीशेजारी बसलंय.
माझी दोन्ही डॉक्टरांनी आत तशीच ठेवली, निकामी.
म्हणजे माझ्यात तीन, शालनमध्ये एक,
आणि बाजारच्या दिवशी टोपली घेऊन
एसटीत आधी ती चढते,
वरून हात देते मला.
एसटीची पहिली पायरी किती उंच असते
ते कुठल्या रिपोर्टात येत नाही.
क्रिएटिनीन एक पॉइंट दोन. पणजीचे डॉक्टर खूश.
किडनी उत्तम चाललीय, म्हणतात.
चाललीय खरी.
मी तेवढा मागं राहतो.

डायलिसिसच्या चार वर्षांत
दारात अकरा माड आणि शहाळं बंद.
पाणी मोजून. मासळी मोजून.
तेव्हाच कधीतरी अंगातलं मांस गेलं असणार,
जाळ्याचा एकेक डोळा फाटत जातो तसं.
ओढायला घेईपर्यंत कळत नाही.
आता सांगतात, खा. अंडी खा, मासे खा.
सकाळी नऊच्या गोळ्यांतलीच एक
मांस झिजवते, हेही त्या पोरगीनं हळूच सांगितलं.
पण ती सोडली तर शालनचं ते
आत परकं ठरेल.
कोण कोणाला खातंय
याचा हिशेब मी मांडत नाही.

ऑक्टोबरात रापण लागली.
दोन दोरांवर चाळीस माणसं,
टाचा वाळूत रुतवून मागं, मागं.
बाबलनं मला शेपटाला बसवलं,
ओढून आलेला दोर गुंडाळायला.
आठ वर्षांचा असताना हेच काम होतं माझं.
वाटे पडले. माझ्यापुढं अख्खा वाटा.
'अर्धो घाल,' मी म्हटलं.
कोणी ऐकलं नाही,
किंवा सगळ्यांनी ऐकलं.
तारली होती, चार बांगडे वर.
उचलायला खाली बसलो
आणि उठताना कळलं,
वाळू कोणाला टेकू देत नाही.
हात टेकावा तर हातच आत जातो.
बराच वेळ मी मासे निवडत असल्यासारखा बसून राहिलो.

संध्याकाळी खळ्यात लाल खुर्ची.
शालन विळीवर बांगडे कापते
आणि वर न बघता मोजते.
तीनच्या पुढं तिचा हात जरा मंदावतो,
तेवढंच.
काल सहा झाल्या म्हणाली.
माझ्या हिशेबानं पाच.
एक तिनं पदरची घातली असणार.
तिला सवय आहे.