सड्यावरचा तास

तालुक्याहून परिपत्रक आलं. विषय: सायबर सुरक्षा.
सातवीला व्हिडिओ दाखवणे सक्तीचे,
अहवाल फोटोसह, त्याच दिवशी.
शाळेत रेंज नाही.
म्हणून तास भरवला सड्यावर,
गावातला प्रत्येक फोन कधी ना कधी जिथे चढून येतो,
दोह्यातल्या बापाशी बोलायला,
बारावीचा निकाल बघायला,
डिझेलचे पैसे पोचले का ते विचारायला.

चौदा मुलं.
तेरा, खरं तर.
मुरारी भाटकर आला नव्हता. नववा दिवस.

व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहिला.
मी तोंडीच सुरू केलं: पासवर्ड कुणाला सांगायचा नाही.
नाझिमा सोलकर म्हणाली,
"बाय, आमच्या घरात सगळ्यांना मिळून एकच फोन,
नि पासवर्ड म्हणजे होडीचा नंबर."
होडीचा नंबर होडीवरच रंगवलेला,
लाल आकड्यांत, अख्ख्या बंदराला वाचता येईल असा.
हसलो सगळे. मीही.

अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, म्हटलं.
मागून ओंकारेश्वर, जो वर्गात कधी हात वर करत नाही,
गवताची काडी मोडत म्हणाला,
"गेममध्ये एक जण रोज येतो.
इचारतो, तू घरात एकटा कधी असतोस."
वारा होता. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.
"मग तू काय सांगितलंस?"
"खोटंच. म्हटलं, कधीच नसतो."
"घरी कुणाला बोललास हे?"
"नाय. तुमालाच. आत्ता."

परिपत्रकाची घडी घालून मी पर्समध्ये ठेवली.

आम्ही बसलो होतो त्याच्या शेजारी
जांभ्यात कोरलेलं पाकट आहे,
पुरुषभर लांब, शेपटी समुद्राकडे.
कुणी कोरलं, कधी, कुणाला ठाऊक नाही.
पावसात त्यात माती भरते, गवत उगवतं,
आणि चैत्रात कुणी झाडू मारला
की रेघ जिथल्या तिथे.
"वाळूत काढलं असतं तर गेलं असतं," कुणीतरी म्हणालं.
आणि मग कुणीच काही बोलेना,
कारण प्रत्येकाला तेच आठवलं:
जेटीच्या फळीवरून घसरलेला मुरारी,
चिखल, चड्डी, वर लावलेलं गाणं.
नऊ सेकंद.

कुणी काढला, मी विचारलं नाही.
विचारायचा हक्क मला उरला नव्हता.
शिक्षकांच्या ग्रुपवर तो आला तेव्हा
मी तीन हसरे चेहरे टाकले होते,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे.
हे मुलांना सांगितलं.
सांगताना पाकटाच्या शेपटीकडे बघत होते.

नाझिमा बऱ्याच वेळाने म्हणाली,
"मग बाय, पयल्या तुमी जा त्याच्याकडं."

उतरण्याआधी अहवालासाठी फोटो हवा होता.
मी विचारलं, काढू का?
परिपत्रकात हा प्रश्न नव्हता.
दोघं नको म्हणाली. बाजूला जाऊन उभी राहिली,
चपला हातात घेऊन.
फोटोत अकरा आहेत.

मुरारी पडवीत जाळं शिवत होता.
सुई थांबली नाही.
"तुमी पण बघितलात?"
"हो."
"हसलात?"
आत त्याची आई मासे खवलत होती, तो आवाज थांबला.
"हो," म्हटलं. "तीनदा."

बराच वेळ तो गाठी मोजत राहिला,
की मोजल्यासारखं करत होता.
मग मान वर न करता
पायानेच पाट सरकवला माझ्याकडे.

बसले.
त्याने जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं,
ताणून धरायला.
मला ते नीट धरता येत नव्हतं.